एक कडे, दोन कुत्रे

उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना उत्तरेकडचे सप्तर्षी ओळखीचे असतात. त्यांच्या शेपटाखाली श्यामशबल हा लहानसा तारकासमूह आहे. त्यात एम ९४ नावाची सर्पिल दीर्घिका आहे. १७८१ साली फ्रान्सच्या पिएर मेशँ यांनी ती शोधली आणि शार्ल मेसिए यांनी आपल्या यादीत नोंदवली. ती सुमारे १ कोटी ६० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तिचा आज दिसणारा प्रकाश तितक्याच वर्षांपूर्वी निघालेला आहे.

लहान दुर्बिणीतून ती कापसाच्या बोळ्यासारखी दिसते. मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रांत मात्र तिची रचना उलगडते. मध्यभागी जुन्या ताऱ्यांचा पिवळसर, तेजस्वी गाभा आणि त्याभोवती निळसर कडे. या कड्यात वायू साचतो आणि झपाट्याने नवे तारे जन्मतात. मोठे तरुण तारे अतिशय तप्त असल्यामुळे कड्याला निळी झाक येते. त्याबाहेर घट्ट गुंडाळलेल्या भुजा, आणि अगदी कडेला आणखी एक अंधुक कडे.

हे बाहेरचे कडे अनेक वर्षे अखंड मानले जात होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिनील आणि अवरक्त प्रकाशातली निरीक्षणे तपासली, तेव्हा ते कडे नसून सर्पिल भुजाच असल्याचे दिसले. तिथेही नवे तारे जन्मत आहेत. दृश्य प्रकाशात त्या भुजा फार फिक्या असल्याने डोळ्यांना कड्याचा भास होत होता.

वाचण्यातली अशीच एक गफलत या तारकासमूहाच्या नावामागे आहे. शेजारच्या भूतप तारकासमूहाच्या हातात ग्रीकांनी सोटा कल्पिला होता. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाक यांनी अरबीत त्याला ‘आकडी असलेली काठी’ म्हटले. आकडी म्हणजे ‘कुल्लाब’, कुत्रे म्हणजे ‘किलाब’. जेर-पेश न लावता लिहिले की दोन्ही शब्द सारखेच दिसतात, हे उर्दू वाचणाऱ्यांना सांगायला नको. पुढे लॅटिन भाषांतरात आकडीचे कुत्रे झाले. सतराव्या शतकात योहानेस हेवेलियस यांनी इथे दोन शिकारी कुत्र्यांचा स्वतंत्र तारकासमूह मांडला. त्याचे मूळ या चुकीत असावे, असे मानतात.

कड्याबद्दलचा समज नव्या निरीक्षणांनी बदलला; कुत्रे मात्र नकाशात कायम राहिले. मुलांना सप्तर्षी दाखवाल तेव्हा या दोन्ही गोष्टी जरूर सांगा. एकदा पाहिलेले आणि एकदा वाचलेले पुन्हा तपासून घ्यायची सवय त्यांना लागेल.