हाकेचे नाव व दाखल्यावरील नाव

पहिल्या वर्गात दाखल होणाऱ्या मुलास पुष्कळदा दोन नावे असतात : एक पाळण्यातील व दुसरे घरच्या हाकेचे. काही घरी हाकेचे नाव हेच एकमेव नाव असते. चिखलदरा तालुक्यातील कोरकू वस्त्यांतून शिकविणाऱ्या शिक्षकांस हा अनुभव नवा नाही. पालक मुलाचे नाव ‘मुन्ना’ किंवा ‘बुधू’ असे सांगतात, आणि दाखलखारीज नोंदवहीत हेच लिहावे की दुसरे एखादे ‘चांगले’ नाव घालावे, असा प्रश्न उभा राहतो.

हाकेचे नाव रीतसर नाव होऊ शकते काय? अवश्य होऊ शकते. सन १८५६ मध्ये रत्नागिरीस जन्मलेल्या टिळकांचे पाळण्यातील नाव केशव होते. घरात त्यांस ‘बाळ’ म्हणत. पुढे तेच नाव रूढ झाले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’वर ग्रंथकर्ता म्हणून बाळ गंगाधर टिळक हेच नाव आले. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर हातातील मातीच्या गाडग्यावरून गाडगेबाबा झाले. लोकांच्या तोंडचे हे नाव आज अमरावतीचे विद्यापीठ धारण करीत आहे. सारांश, नावाचे मोल त्याच्या उगमावर नसून ते सातत्याने वापरले जाण्यावर आहे.

तथापि दोन भेद ध्यानात ठेवावेत. धोंडू, दगडू, कचरू ही नावे उपहासाची नव्हेत. आधीची अपत्ये दगावल्यावर नव्या बालकास दृष्ट लागू नये, या भावनेने आईबाप ती बुद्ध्या ठेवीत आले आहेत. ती बदलण्याचा अधिकार शिक्षकांस नाही. उलट व्यंगावरून वा रंगावरून पडलेली ‘लंगड्या’, ‘काळ्या’ यांसारखी हाक हे नाव नव्हे. अशा वेळी पालकांस विचारून त्यांच्या पसंतीचे नाव लिहावे.

नोंद करण्यापूर्वी जन्मदाखला पाहावा. सन १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत मागाहून नाव घालता येते : बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, व त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. दाखल्यात नाव नसल्यास पालकांस ही सोय समजावून द्यावी. वयाचा पुरावा नाही म्हणून मात्र प्रवेश नाकारू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तसे करण्यास मनाई आहे.

या काळजीचे कारण मोठे आहे. कोरकू ही अनुसूचित जमात आहे, आणि जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत वडील व आजोबा यांच्या शालेय नोंदी महत्त्वाचा पुरावा मानल्या जातात. जुन्या कोतवाल पंजीत पुष्कळदा केवळ बापाचे नाव व ‘मुलगा झाला’ एवढीच नोंद सापडते. तेव्हा शाळेची वहीच आधाराला उरते. एका नोंदीत ‘सोमा’ व दुसरीत ‘सोमेश्वर’ असे झाल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे सिद्ध करण्याचे ओझे त्या कुटुंबावर पडते. शिष्यवृत्ती, वसतिगृहातील प्रवेश वा नोकरी त्यामुळे अडून राहते. सद्हेतूने केलेली सुधारणादेखील अशा प्रकारे नातवंडांस जाचक ठरते.

यास्तव नाव लिहिण्यापूर्वी ते पालकांस मोठ्याने वाचून दाखवावे. पालकांची भाषा कोरकू असल्यास गावातील जाणत्या माणसाचे साह्य घ्यावे. ‘हा मुलगा पंचवीस वर्षांचा झाल्यावर हेच नाव सांगेल काय?’ एवढे एकदा विचारावे. होकार मिळाला की जन्मदाखला, आधारपत्र व शाळेची वही यांत अक्षरशः तेच नाव असल्याची खात्री करावी. चूक आढळल्यास मूल शाळेत असतानाच पालकांचा लेखी अर्ज व पुरावा घेऊन रीतसर मंजुरीने दुरुस्ती करावी. शाळा सोडल्यावर ती फार कठीण होते.

वर्गात मुलास प्रेमाने कोणत्याही नावाने हाक मारावी. वहीत मात्र आईबापांनी विचारपूर्वक सांगितलेले नावच उतरावे.