अध्ययन अक्षमता : आकलन आणि अध्यापन
लेखांक ७ : स्वनियमनाचे शिक्षण

काम हाती घेताना त्याचे टप्पे ठरवणे, ते करताना आपले लक्ष कामात आहे की नाही हे पाहणे आणि शेवटी झालेले काम तपासणे, या क्रियांना मिळून ‘स्वनियमन’ म्हणतात. बहुतेक मुले या क्रिया मोठ्यांचे पाहून नकळत आत्मसात करतात. अध्ययन अक्षमता असलेल्या अनेक मुलांच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही, आणि वहीत अर्धवट राहिलेल्या उदाहरणांचा दोष आळसाला किंवा चंचलपणाला दिला जातो. स्वनियमन हा स्वभावाचा भाग नसून शिकवता येणारे कौशल्य आहे, हे एकदा मान्य केले की ते कोणत्या क्रमाने शिकवायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

लहान मूल काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलते आणि तेच बोलणे पुढे अंतर्मुख होऊन विचाराला व कृतीला वळण लावते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी मांडले होते. त्याच दिशेने जाणारी ‘स्वसूचना’ ही पद्धत डोनाल्ड मायकेनबाऊम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळेपणाने काम उरकणाऱ्या मुलांसाठी मांडली. तिच्यात आधी शिक्षक मोठ्याने बोलत काम करून दाखवतो, मग त्याच्या सूचनांनुसार मूल ते करते, नंतर मूल स्वतः मोठ्याने बोलत, पुढे पुटपुटत आणि अखेरीस मनातल्या मनात बोलत काम करते. ५२ मधून २७ वजा करताना अनेक मुले ७ मधूनच २ वजा करून ३५ हे उत्तर लिहितात. अशा वेळी ‘वरचा अंक लहान आहे का? आहे. मग एक दशक सुटा करायचा. आता १२ मधून ७’ ही वाक्ये मुलाच्या तोंडी रुळली, की घाईने चुकीची वजाबाकी करणारा हात क्षणभर थांबतो.

दुसरी पद्धत ‘स्वनिरीक्षणा’ची आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल हॅलहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या या पद्धतीत टेपरेकॉर्डरवर अनियमित अंतराने ध्वनी वाजतो आणि तो ऐकताच मूल ‘माझे लक्ष कामात होते का?’ असे स्वतःला विचारून समोरच्या तक्त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ची खूण करते. या नोंदी तंतोतंत खऱ्या नसल्या तरी मुलाची एकाग्रता वाढू शकते, कारण परिणाम साधतो तो वारंवार स्वतःकडे वळून पाहण्याचा. सवय जडल्यावर आधी ध्वनी बंद केला जातो आणि मग तक्ताही काढून घेतला जातो. कारण बाहेरचा आधार कायम राहिला तर नियमन मुलाचे स्वतःचे होत नाही.

मात्र ज्याला दशक सुटा करणेच उमगलेले नाही, त्याने कितीही वेळा ‘हो’वर खूण केली तरी उत्तर चुकणारच, म्हणून आधी मूळ कौशल्य शिकवणे आणि त्यानंतरच स्वनिरीक्षण सोपवणे, हा क्रम सोडून चालत नाही. लेखनकौशल्य आणि स्वनियमन यांची एकत्र गुंफण करणाऱ्या कॅरेन हॅरिस व स्टीव्ह ग्रॅहम यांच्या पद्धतीचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.