नवव्या प्रकरणाला श्रोता नाही

ज्ञानेश्वरांच्या जन्माला २०२५ साली ७५० वर्षं झाली, गावोगावी सोहळे झाले. त्याच वर्षी बार्शीत आमच्या आळीतलं त्यांच्याच ‘अमृतानुभवा’चं गुरुवारचं वाचन श्रोते नाहीत म्हणून बंद पडलं. हे फार जिव्हारी लागलं.

बार्शीच्या भगवंताच्या देवळात विष्णूची काळी मूर्ती आहे आणि तिच्या कपाळावर शिवलिंग. गीतेचा एकेक श्लोक म्हणत संत जोगा परमानंद याच देवाला दंडवत घालायचे, ही गोष्ट इथली पोरं आजीकडून ऐकत वाढली. हरी वेगळा की हर, हा वाद आमच्याकडे कुणी घातलाच नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत तीच पारायणं, तेच हारतुरे. नव्वदचं दशक मात्र विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, जवळपास आठ हजार माणसं गेली. बार्शीत घराघरांतून भाकऱ्या गोळा झाल्या, धोतरांत बांधून ट्रकवर चढल्या. महिन्याभरातच एक नामांकित प्रवचनकार आले आणि म्हणाले, ‘जगच मिथ्या, तर मेलं कोण अन् रडतंय कोण?’ उमरग्याकडचा भाऊ गमावलेली एक बाई पुढेच बसली होती. ती पदर सावरत उठून गेली. त्या प्रवचनाला मी आजही माफी देत नाही.

पुढच्या गुरुवारी वाचन चालवणाऱ्या आमच्या बुवांनी ‘अमृतानुभवा’चं सातवं प्रकरण काढलं. ज्ञानेश्वर तिथे अज्ञानाचंच खंडन करतात. जग ही भूल नव्हे, एकाच चैतन्याचा विलास आहे. मग नववं प्रकरण आलं: एकाच डोंगरात देव, देऊळ आणि परिवार कोरता येतो, तशी एकपणातही भक्ती राहते. बुवा म्हणाले, ‘त्या बाईचं रडणं खोटं म्हणणाऱ्यानं आधी आपली भूक खोटी म्हणून दाखवावी.’ सभेत कुणी हललं नाही. अद्वैत मला त्या संध्याकाळी कळलं, आणि ते मिथ्यावाल्यांचं नव्हतं.

आता मोबाइलवर अर्ध्या मिनिटात ‘तूच ब्रह्म’ ऐकायला मिळतं. ऐकणारेच पंगतीत शेजारी कोण बसलंय ते बघतात. सोहळ्याच्या वर्गणीला पैसे निघतात, तासभर बसून ओवी समजून घ्यायला कुणी येत नाही. त्या प्रवचनकारांचं बोलणं घरोघर पोचलं. बुवांचं आमच्या आळीतही उरलं नाही.