केबल तुटली तरी काउंटर चालू: फायरवॉल राउटरला यूएसबी डोंगल जोडताना

मागच्या व्हिडिओत आपण जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरं लॅन कार्ड टाकून पीएफसेन्सचा फायरवॉल राउटर तयार केला. आता त्यालाच सिमवाला यूएसबी डोंगल जोडायचा, म्हणजे फायबर बंद पडलं की दुकान आपोआप मोबाइल नेटवर जाईल. व्हिडिओत मी क्लिक दाखवले आहेत. इथे त्या क्लिकमागचं कारण लिहितो, कारण तुमचा डोंगल माझ्यासारखाच असेल असं नाही.

आधी हे कशासाठी ते बघू, कारण खर्च तुमच्या खिशातून होणार आहे. तुमचं सेवा केंद्र चिखलीत असो की संग्रामपूरला, वर्षातले काही दिवस असे येतात की नेट गेलं म्हणजे धंदाच गेला. खरीप पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते. शेवटच्या तीन-चार दिवसांत लोक सातबारा, पासबुक आणि आधार घेऊन शटर उघडायच्या आधीच ओट्यावर बसलेले असतात. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा होता तेव्हा केंद्रचालकाला अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये ठरलेले होते. तासाला १० अर्ज धरा. पाच तास नेट बंद म्हणजे तुमचे २००० रुपये बुडाले. ते एक वेळ भरून काढता येतील, पण ज्याचा अर्ज मुदतीत गेला नाही त्याचं सोयाबीन त्या हंगामात विम्याबाहेर राहिलं. तो माणूस पुढच्या वर्षी तुमच्या दुकानात येत नाही, आणि गावात चार जणांना सांगूनही ठेवतो.

आपल्याकडे केबल तुटायला कारण लागत नाही. घाटावर रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आला, घाटाखाली वादळात पोल वाकला की लाइन गेली. मग "काहून बंद हाय नेट?" याला तुमच्याकडे उत्तर नसतं.

मोबाइलचा हॉटस्पॉट चालणार नाही का? एका लॅपटॉपला चालेल. पण चार कॉम्प्युटर, नेटवर्कचा प्रिंटर आणि लॅब असेल तर प्रत्येक मशीन हाताने हॉटस्पॉटवर न्यावं लागतं, आणि तुम्ही फोन घेऊन बाहेर गेलात की सगळं बंद.

डोंगल हा बहुरूपी आहे

आता मुद्द्याचं. डोंगल खोचला, लाइट लागला, तरी राउटरला दिसत नाही, असं बहुतेकांचं होतं. माझ्या मते यातली निम्मी अडचण एकाच गोष्टीची असते: हा डोंगल राउटरला नक्की काय म्हणून दिसतो, हेच कुणी बघत नाही. तेच उपकरण तीन-चार सोंगं घेतं आणि प्रत्येक सोंगाची सेटिंग वेगळी असते.

पहिलं सोंग सीडीचं. विंडोजवर ड्रायव्हर वेगळा शोधावा लागू नये म्हणून कंपन्यांनी ड्रायव्हर डोंगलच्या आतच ठेवला. त्यामुळे खोचल्याबरोबर तो स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सांगतो. विंडोजवर सॉफ्टवेअर चढतं आणि ते डोंगलला "आता मोडेम हो" असा इशारा देतं. राउटरवर विंडोज नाही, त्यामुळे तो इशारा देणारं दुसरं कुणीतरी लागतं. ओपनडब्ल्यूआरटी हा लिनक्सवर चालणारा राउटर आहे, तिथे हे काम यूएसबी मोडस्विच नावाचं पॅकेज करतं. पीएफसेन्स फ्रीबीएसडीवर चालतो, तिथे बऱ्याच जुन्या मॉडेलांसाठी ड्रायव्हरच हे करतो. तुमचं मॉडेल त्याच्या यादीत नसेल तर डोंगल सीडीच बनून राहणार, मग तुम्ही कितीही वेळा काढा आणि घाला.

दुसरं सोंग जुन्या डायल-अप मोडेमचं. इथे डोंगल दोन-तीन सिरियल पोर्ट दाखवतो आणि राउटर त्यातल्या एकावर *९९# डायल करून पीपीपी जोडणी करतो. पीएफसेन्समध्ये इंटरफेसेस, असाइनमेंट्स, पीपीपीज असं जा. लिंक टाइप पीपीपी ठेवा, खाली पोर्ट निवडा. तीनपैकी डेटाचा पोर्ट एकच असतो, बहुतेक वेळा ज्याच्या शेवटी शून्य आहे तो. त्यावर जमलं नाही तर दुसरा घेऊन बघा. एपीएन सिमप्रमाणे: जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, व्हीआयला नुसते तीन डब्ल्यू, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये स्पेस नको.

तिसरं सोंग नेटवर्क कार्डाचं, आणि फोरजी डोंगलमध्ये सध्या हेच जास्त भेटतं. हुआवेच्या डोंगलमध्ये याला हायलिंक म्हणतात. यात डोंगलच्या पोटातच एक छोटा राउटर असतो. डायल तोच करतो, आणि तुमच्या फायरवॉलला तो लॅन केबलसारखा दिसतो. हायलिंकचा स्वतःचा पत्ता सहसा १९२.१६८.८.१ असतो. पीएफसेन्समध्ये असाइनमेंट्सच्या यादीत "यूई शून्य" असं नवं नाव आलं की समजा हा तोच. तो ॲड करा, इनेबल करा, आयपी डीएचसीपीवर ठेवा, झालं. एपीएन बदलायचा असेल तर तो डोंगलच्या स्वतःच्या पानावर जाऊन बदलायचा, पीएफसेन्समध्ये त्याची जागा शोधत बसू नका.

चौथा प्रकार क्यूएमआय आणि एमबीआयएमवाल्यांचा. ओपनडब्ल्यूआरटीत त्यांची वेगळी पॅकेजेस आहेत. पीएफसेन्सच्या मेनूत त्यासाठी पर्याय नाही, म्हणून पीएफसेन्ससाठी असा डोंगल घेऊच नका.

दुकानातून डोंगल घेताना हाच प्रश्न विचारा: खोचल्यावर ब्राउझरमध्ये त्याचं स्वतःचं पान उघडतं का? उघडत असेल तर तो तिसऱ्या प्रकारचा, आपल्या कामाचा. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना थ्रीजी डोंगल मात्र काढू नका. जिओ २०१६ ला सुरू झालं तेच फक्त फोरजीवर, आणि एअरटेलनेही आपलं थ्रीजी बंद केलं. शिवाय कंपनीच्या नावाचा डोंगल बऱ्याचदा त्याच कंपनीच्या सिमला लॉक असतो.

सिम निवडताना एक विचार करा. फायबर ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं सिम डोंगलला नको. जेसीबीने जी लाइन तोडली त्यावरच तुमच्या जवळचा टॉवर चालत असेल तर दोन्ही एकदम जातील. सिम आधी साध्या फोनमध्ये टाकून नेट चालतं का बघा, पिन लॉक असेल तर काढून टाका, मगच डोंगलमध्ये घाला. नाहीतर दोष सिमचा आणि तुम्ही रात्रभर राउटर उघडून बसलेले.

जागा, वीज आणि पत्ते

डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला, लोखंडी कॅबिनेटच्या आडोशाला डोंगल लावला तर सिग्नल मार खातो. एक-दीड मीटरची चांगली यूएसबी एक्स्टेन्शन घ्या आणि डोंगल खिडकीशी आणा. त्याहून लांब केबल नको, कारण व्होल्टेज पडतं. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर एवढीच हमी असते, आणि सिग्नल कमजोर असला की डोंगल जास्त करंट ओढतो. जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला डोंगल दर दहा मिनिटांनी गायब होत असेल तर आधी संशय करंटवर घ्या, सेटिंगवर नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावून बघा.

पत्त्यांचा घोळ वेगळा. पीएफसेन्सचं लॅन मुळात १९२.१६८.१.१ वर येतं आणि फायबरच्या डब्याचाही पत्ता पुष्कळदा तोच असतो. दोन्ही बाजूंना एकच पत्ता असला की राउटरला कळत नाही पाकीट कुठे द्यायचं. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमनचं जे होईल तेच. म्हणून तुमचं लॅन १९२.१६८.५०.१ सारखं, दोघांपेक्षा वेगळं ठेवा.

आणि आता ती गोष्ट जी कुणी सांगत नाही. हायलिंक डोंगल तुम्ही पीएफसेन्समध्ये इंटरफेस म्हणून नेमला, आणि उद्या लाइट जाऊन आल्यावर मशीन चालू होताना तो डोंगल वेळेत जागा झाला नाही, तर पीएफसेन्स "इंटरफेस जुळत नाही" म्हणून तिथेच थांबतो आणि पडद्यावर नव्याने नेमणूक मागतो. मॉनिटर जोडलेला नसेल तर तुम्हाला कळणारही नाही. म्हणजे बॅकअपसाठी लावलेल्या डोंगलमुळे चांगलं चालू असलेलं फायबरही बंद! महावितरणची आपल्याकडची कृपा बघता हे आठवड्यातून एकदा होऊ शकतं. त्यामुळे माझं स्पष्ट मत: बजेट थोडं वाढवता येत असेल तर डोंगलऐवजी लॅन पोर्ट असलेला सिमवाला फोरजी राउटर घ्या आणि तो तिसऱ्या लॅन कार्डात लावा. लॅन कार्ड मशीनमध्ये कायम असतं, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही, आणि पुढची सेटिंग सगळी तीच. डोंगलच वापरायचा असेल तर फायरवॉलला यूपीएस लावा, आणि तीन-चार वेळा पूर्ण बंद करून चालू करून बघा.

फायबर मेलं हे राउटरला कळणार कसं?

दोन लाइन जोडल्या म्हणजे काम झालं नाही. सिस्टिम, राउटिंगमध्ये जाऊन गेटवे ग्रुप करा. फायबरला टियर १, डोंगलला टियर २. मग त्याच पानावर डीफॉल्ट गेटवे म्हणून हा ग्रुप निवडा. ही शेवटची पायरी विसरली की ग्रुप कागदावरच राहतो.

पण खरी मेख पुढे आहे. पीएफसेन्स लाइन जिवंत आहे का हे बघायला तिच्या गेटवेला सतत पिंग करतो. तुमच्या फायबरचा डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल तर गेटवे म्हणजे टेबलावरचा तोच डबा. केबल चौकात तुटली तरी डबा "मी आहे" म्हणतच राहणार, आणि राउटर फायबरवरच अडून बसणार. हायलिंकचंही तसंच: टॉवर बंद असला तरी डोंगल उत्तर देतो. म्हणून दोन्ही गेटवेच्या सेटिंगमध्ये मॉनिटर आयपी बाहेरचा द्या. फायबरला ८.८.८.८ आणि डोंगलला १.१.१.१. दोघांना एकच देऊ नका, कारण प्रत्येक मॉनिटर पत्त्याचा रस्ता पीएफसेन्स त्याच लाइनला बांधून टाकतो.

पीएफसेन्सच्या मूळ आकड्यांप्रमाणे पिंगला ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा २० टक्के पिंग हरवले की लाइन मेली असं धरलं जातं. फायबरला हे ठीक आहे. मोबाइलला संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की इतका उशीर सहज लागतो, म्हणून डोंगलच्या गेटवेचे आकडे थोडे वाढवा.

आता डेटा. समजा सिमला रोज दीड जीबी मिळतो. नेट डोंगलवर गेल्याचं मशीनला कळत नाही, त्यामुळे विंडोजचं एखादं अपडेट अर्ध्या तासात तो संपवेल. लॅबमधली पोरं व्हिडिओ बघत असतील तर बोलायलाच नको. म्हणून लॅबची मशीन आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांच्या फायरवॉल रूलमध्ये गेटवे म्हणून फक्त फायबर निवडा आणि लगेच खाली त्यांच्यासाठी ब्लॉकचा रूल ठेवा. यासोबत ॲडव्हान्स्डमधल्या मिसलेनिअस पानावर "गेटवे बंद असेल तर तो रूल बनवू नको" अशा अर्थाची खूण करावी लागते. ती केली नाही तर फायबर गेल्यावर पीएफसेन्स तोच रूल गेटवेशिवाय लावतो आणि लॅब गुपचूप डोंगलवर येते. काउंटरची दोन मशीन आणि प्रिंटर एवढेच डोंगलवर जाऊ द्या. अर्ज भरायला डेटा फार लागत नाही.

घरून मोबाइलवर दुकानाचे कॅमेरे बघत असाल, तर डोंगलवर असताना पोर्ट फॉरवर्डिंग बहुतेक चालणार नाही. मोबाइल कंपन्या एकच पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, तुमच्या वाट्याला स्वतंत्र पत्ता येत नाही.

काउंटरवर बसणाऱ्याला एक गोष्ट नक्की शिकवा. लाइन बदलते तेव्हा बाहेरचा पत्ता बदलतो, त्यामुळे पोर्टल मधूनच लॉगआउट करू शकतं. पुन्हा लॉगिन करायचं. पण पैसे भरण्याच्या पानावर असं झालं तर पुन्हा बटण दाबायचं नाही. आधी व्यवहाराची स्थिती बघायची, वॉलेटमधून पैसे कटले का ते तपासायचं, मगच पुढे जायचं. फायबर परत आल्यावरही चालू असलेली काही कनेक्शन थोडा वेळ डोंगलवरच राहतात, ती आपोआप संपतात, घाबरून राउटर रीस्टार्ट करू नका.

शेवटी चाचणी. बरेच जण फायरवॉलमागची लॅन केबल उपसतात आणि डोंगल चालू झाला की खूश होतात. ती चाचणी खोटी आहे, कारण खऱ्या आयुष्यात केबल तिथे तुटत नाही. डब्याच्या मागे फायबरची बारीक वायर असते, ती हलकेच काढा, तिच्या टोकाकडे डोळा लावून बघू नका, आणि टोक धुळीपासून जपा. मग घड्याळ लावा आणि काउंटरच्या मशीनवर एखादं पोर्टल उघडत राहा. किती सेकंदांनी उघडलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वायर परत लावा, फायबर यायला किती वेळ लागला तेही लिहा. महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराचा दिवस सोडून, सकाळी शटर उघडल्या उघडल्या हे करा. सिमच्या रिचार्जची तारीखही त्याच कॅलेंडरवर लाल पेनाने, आणि जुलैचं रिचार्ज २५ तारखेच्या आत.