अब्बांच्या कानातला मार्लो

अब्बांची नजर काचबिंदूने नेली. एकदम नाही. आधी कडेकडेने काळोख आला, मग वर्तमानपत्राचे मथळे तेवढे उरले, आणि मागच्या पावसाळ्यात तेही गेले. तीस वर्षं बोटीवर, इंजिनरूममध्ये ऑइलर म्हणून काढलेला हा माणूस. वॉच संपली की झोपायचं, नाहीतर वाचायचं. मुंबईत असले की मोहल्ल्यातल्या भाड्याच्या लायब्ररीतून इब्ने सफी, आणि बोटीवर आधीच्या खलाशांनी मागे टाकलेल्या इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्या. मुखपृष्ठं फाटलेली, कधी शेवटची चार पानंही गायब. अब्बा इंग्रजी शिकले ते या पुस्तकांतूनच, असं अम्मी अजूनही चिडवते.

नजर गेल्यावर मी वाचून दाखवू लागले. शनिवारी चिपळूणहून घरी गेले की इशाची नमाज आणि जेवण झाल्यावर ओटीवर बसायचं. अब्बांनी पुस्तक सांगितलं, रेमंड चँडलरचं 'द बिग स्लीप'. बोटीवर दोनदा वाचलेलं. तिसऱ्या बैठकीत गडबड झाली. नायक एका घरात शिरतो आणि पुढे जे दिसतं ते बापासमोर मोठ्याने वाचणं माझ्याच्याने होईना. मी हळूच पुढे सरकले. अब्बा थोडा वेळ गप्प.

"बेटा, पान उलटलंस?"

"हो अब्बा."

"एक की दोन?"

आम्ही दोघंही हसलो, पण त्यानंतर त्यांनी मला वाचायला सांगितलं नाही. "राहू दे, तुलाही अवघड, मलाही," एवढंच म्हणाले. डोळे गेल्याने पुस्तक गेलं हे मला कळत होतं. पुस्तकाबरोबर माणसाचा एकांतही जातो, हे त्या रात्री कळलं. वाचणारा काय वाचतो हे घरात कुणाला ठाऊक नसतं. ऐकणाऱ्याला मात्र कुणाच्या तरी तोंडाने ऐकावं लागतं, आणि ते तोंड लेकीचं असेल तर प्रश्नच मिटला.

उपाय माझ्या मुलाने काढला. नानांच्या फोनवर तीच कादंबरी ऑडिओबुक म्हणून उतरवून दिली आणि कानात इअरफोन लावून दिला.

या कादंबऱ्या कसल्या, ते तरुण वाचकांसाठी सांगायला हवं. इंग्रजीत यांना 'हार्डबॉइल्ड' म्हणतात, म्हणजे कडक उकडलेल्या अंड्यासारख्या. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'ब्लॅक मास्क' नावाचं स्वस्त कागदावरचं मासिक निघालं आणि त्यात हा प्रकार वाढला. डॅशिएल हॅमेट हा त्यातला मोठा लेखक. तो स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता, त्यामुळे पाळत कशी ठेवतात आणि माणसं खोटं कसं बोलतात हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 'द माल्टीज फाल्कन' ही त्याची कादंबरी १९३०ची. चँडलर मागून आला. तेल कंपनीतली मोठी नोकरी दारूपायी १९३२ साली गेली, तेव्हा त्याने चाळिशी ओलांडलेली होती. पोटासाठी त्याने लिहायला घेतलं. पहिली कादंबरी १९३९ साली आली तेव्हा तो पन्नाशीत होता. त्याचा नायक फिलिप मार्लो, लॉस एंजेलिस शहरातला एकटा खाजगी गुप्तहेर. रोजचे पंचवीस डॉलर आणि वरखर्च. त्याहून जास्त पैसे कुणी पुढे केले की याला आधी संशय येतो.

आता ऐकण्याची गोष्ट. बोलकी पुस्तकं आली तीच मुळी अंधांसाठी. ब्रिटनमध्ये १९३५ साली ही सोय सुरू झाली, ती पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हा मोठाल्या तबकड्या होत्या, एका कादंबरीला ढीगभर लागत. आणि सुरुवातीच्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' होती! धार्मिक नाही, उपदेशपर नाही, चक्क खुनाची गोष्ट. कुणीतरी शहाण्या माणसाने ओळखलं असणार की अंधारात बसलेल्याला आधी काय हवं असतं.

अब्बांना मात्र ख्रिस्ती कानाने जमली नाही. आम्ही लावून पाहिली. तिच्या गोष्टीत कोण किती वाजता कुठल्या खोलीत होतं याला महत्त्व. छापील पुस्तकात बोट घालून मागचं पान पाहता येतं, कानाला ते जमत नाही. दहा वेळा मागे नेऊन त्यांनी नाद सोडला. मार्लोचं तसं नाही. तो स्वतः आपली हकिगत सांगतो. गुंता सुटला नाही तरी आवाज सुटत नाही. 'द बिग स्लीप'मध्ये एक ड्रायव्हर मोटारीसकट समुद्रात सापडतो. अब्बांनी विचारलं, याला मारलं कुणी? मी शोधलं तेव्हा गंमत कळली. सिनेमा करताना दिग्दर्शक आणि नट यांचा त्यावरून वाद झाला, त्यांनी तार करून चँडलरला विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हतं! अब्बा खूष झाले. म्हणाले, "मग ठीक आहे. मला वाटलं, झोप लागून माझंच काही सुटलं."

आवाज मात्र बरा हवा. एलियट गूल्ड या नटाने १९७३च्या सिनेमात मार्लोचं काम केलं होतं, आणि पुढे त्यानेच चँडलरच्या कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रित केल्या. कंटाळलेला, जरा घोगरा सूर. अब्बांच्या मते बोटीवरचा रात्रपाळीचा इंजिनिअर असाच बोलतो. काही वाचक प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढतात, बायकांसाठी गळा बारीक करतात. ते मला सहन होत नाही.

खरा प्रसंग आला तो 'फेअरवेल, माय लव्हली' या १९४०च्या कादंबरीत. अब्बांनी ही आधी वाचलेली होती. जुगाराची बोट तेवढी त्यांच्या लक्षात होती. त्या काळी लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून दूर, कायद्याची हद्द संपते तिथे अशा बोटी खरोखरच नांगर टाकून असत. मार्लो रात्री चोरून तशा एका बोटीवर चढतो. लाँग बीच बंदर पाहिलेले अब्बा त्या प्रकरणाची वाट बघत होते.

पण त्याआधी, अगदी सुरुवातीला, तुरुंगातून सुटलेला एक धिप्पाड गोरा काळ्या लोकांच्या वस्तीतल्या दारूच्या अड्ड्यात शिरतो आणि तिथल्या काळ्या व्यवस्थापकाला ठार मारतो. काळ्या माणसांसाठी तिथे जे शब्द येतात ते नायकाच्याच तोंडी आहेत. आणि तपासाला आलेला पोलीस वैतागतो कशाने? तर असल्या खुनाची पेपरात बातमीही येत नाही, मग त्यात पडून मिळणार काय!

अब्बांनी इअरफोन काढला. "हे मी वाचलं होतं? मला आठवत कसं नाही?"

मला वाटतं, डोळा अशा शब्दांवरून घसरतो. कान घसरू शकत नाही. वाचक ते शब्द पूर्ण उच्चारून पुढे जातो, आणि ते खोलीत राहतात. बोटीवर अब्बांच्या शेजारच्या बंकवर घानाचा एक ऑइलर असायचा. कुठल्याशा बंदरात दोघांनाही एकाच हॉटेलातून बाहेर काढलं होतं, तो किस्सा त्या रात्री अब्बांनी पहिल्यांदा सांगितला.

कादंबरी त्यांनी सोडली नाही, पुरी ऐकली. जुगारी बोटीचं प्रकरण दोनदा. संपल्यावर त्यांचा एकच प्रश्न होता: "तो अड्ड्यातला माणूस? त्याचं नाव पुढे कुणी काढलंच नाही." काढत नाही, हे खरं. सगळी कादंबरी त्या गोऱ्याच्या हरवलेल्या प्रेयसीच्या मागे धावते. चँडलरला पोलिसाची बेफिकिरी दिसली होती, ती त्याने नोंदवलीही. पण स्वतःच्या गोष्टीत त्या मयताला जागा दिली नाही. मला चँडलर अजूनही आवडतो, आणि हा हिशोब त्याच्या नावावर राहतोच.

नातेवाइकांत कुजबुज झाली, नाही असं नाही. एकदा फूफू आल्या आणि म्हणाल्या, "या वयात तिलावत ऐकावी, हे खूनखराबे कसले?" अब्बा फजरनंतर रोज तिलावत ऐकतात, त्याच फोनवर. त्यांनी फूफूंना आठवण करून दिली की लहानपणी इब्ने सफीची 'जासूसी दुनिया' चोरून कोण वाचायचं. हमीदची नक्कल फूफू अजून करतात! इब्ने सफींनी १९५२ साली अलाहाबादेत ही मालिका सुरू केली ती, अश्लीलतेशिवाय पुस्तक खपत नाही या समजाला उत्तर म्हणून. ते उत्तर आपल्या घराघरात पोचलं. चँडलर त्या अर्थाने सोज्वळ नाही, हे मी मान्य करते. मुलांच्या कानावर पडावा असा नाही. म्हणूनच इअरफोन.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, पूर्ण घ्या. सात-आठ तासांचं पुस्तक असतं. गती किंचित कमी ठेवा आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होण्याची सोय लावा, नाहीतर डोळा लागला की खुनी पकडला जातो आणि ऐकणारा घोरत असतो. एका कानातच लावा, म्हणजे अजान आणि दाराची कडी ऐकू येते. मराठी पुस्तकं स्टोरीटेलवर भरपूर आहेत. दृष्टीमुळे छापील वाचता न येणाऱ्यांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथे नाव नोंदवता येतं. इब्ने सफींच्या गोष्टी यूट्यूबवर हौशी मंडळी वाचतात. काहींचं उर्दू ऐकून अब्बा कपाळाला हात लावतात, तरी ऐकतात.

परवा रात्री पाणी प्यायला उठले तर अब्बा ओटीवर, अंधारात, गालातल्या गालात हसत होते. दिवा लावायचा माझा हात तसाच राहिला. त्यांना चाहूल लागलीच. "झोप जा," म्हणाले, "आत्ता कुणीतरी त्याच्या ऑफिसचं दार वाजवलंय."