सोसायटीच्या ‘जुना बाजारा’त काय घ्यावे, काय टाळावे?

कमी पैशांत घर लावायचे असेल, तर जुन्या वस्तूंची विक्री हा चांगला पर्याय आहे. पण प्रत्येक जुनी वस्तू स्वस्त पडतेच असे नाही आणि काही वस्तू तर फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. त्या ओळखायच्या कशा?

जून उजाडला की पुण्या-मुंबईत घरे बदलण्याची गडबड सुरू होते. कुणाचा ११ महिन्यांचा भाडेकरार संपतो, कुणी शिक्षणासाठी शहरात येते. याच सुमारास अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जुन्या वस्तूंची विक्री भरते. समजा, तिथे ४०० रुपयांना मिक्सर, १५० रुपयांना हेल्मेट आणि १०० रुपयांना लोखंडी तवा ठेवला आहे. तिन्ही वस्तू चकचकीत दिसतात. तरी त्यातला तवा लगेच घ्यावा, मिक्सर तपासून घ्यावा आणि हेल्मेट घेऊच नये. असे का?

नेमका निकष काय?

वस्तूची झीज डोळ्यांना दिसते का, आणि ती दुरुस्त होते का, हे दोनच प्रश्न विचारावेत. तव्याचा गंज दिसतो आणि घासला की जातो. पितळी पातेल्याची कल्हई उडालेली दिसते आणि ती पुन्हा करता येते. हेल्मेटचे तसे नाही. डोक्याला बसणारा मार आतला थर्माकोलसारखा थर स्वतः दबून झेलतो. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही आणि वरून त्याचा पत्ताही लागत नाही. आधीच्या मालकाचा अपघात झाला होता का, हे हेल्मेट सांगत नाही.

काय घेण्याजोगे?

लोखंडी आणि बिडाची भांडी, खलबत्ता, स्टीलचे डबे, गोष्टीची पुस्तके, लाकडी खुर्च्या-टेबले. पाठ्यपुस्तक घेताना आवृत्तीचे वर्ष पाहावे; अभ्यासक्रम बदलला असेल, तर ते रद्दीच्याच किमतीचे. फर्निचर उलटे करून बघावे. ढिले सांधे सुतार घट्ट करतो. पण खाली बारीक भुकटी पडत असेल, तर लाकूड पोखरले जात आहे. भुसा दाबून केलेल्या फळ्या पाण्याने फुगल्या असतील, तर त्यावर इलाज नाही.

काय तपासून घ्यावे?

मिक्सर : रिकामा चालवून आवाज ऐकावा, जळका वास येतो का पाहावे. भांड्यात पाणी ओतून खालून गळते का ते बघावे.

इस्त्री : वायर मुठीजवळ वाकवून पाहावी, ती तिथेच आधी तुटते. प्लग तीन पिनांचाच हवा.

कुकर : शिट्टीच्या नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. बूड फुगलेले किंवा कड वाकलेली असेल, तर नको. घेतलाच, तर गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे नवे बसवावेत.

मोबाइल : ‘*#०६#’ डायल केल्यावर १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असे आले, तर फोन घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. आधीच्या मालकाचे खाते फोनमधून काढल्याचीही समोरच खात्री करावी.

काय टाळावे?

हेल्मेट, गॅसची रबरी नळी (तिचे आयुष्य साधारण ५ वर्षे धरले जाते), फुगलेली पॉवर बँक, कोटिंग निघालेला नॉनस्टिक तवा. गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले, तर ढेकूण घरी येणार हे नक्की.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

विजेच्या वस्तूची खरी किंमत बिलात कळते. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास चालवला, तर जुना पंखा महिन्याला सुमारे १६ युनिट जादा खातो. फ्रिजच्या स्टारवर भुलू नये, लेबलवरचे वर्ष वाचावे. निकष वेळोवेळी कडक होत गेल्याने दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आजचे पाच स्टार नव्हेत. मागितलेल्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवावा आणि मग नव्या वस्तूच्या किमतीशी तुलना करावी.

जाताना काय न्यावे?

मोजपट्टी, टॉर्च, सुटे पैसे आणि घरच्या दाराचे व लिफ्टचे माप. प्लग लावून बघू देणार नाहीत, ती वस्तू बंदच आहे असे समजावे.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात वस्तू अनेक हातांतून फिरून आलेली असू शकते. सोसायटीच्या विक्रीत ती वापरणारी व्यक्तीच बहुधा समोर उभी असते. त्यामुळे घासाघीस करण्याआधी तिला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘काका, हे विकताय का?’ ‘मुलाने नवीन आणलं’ आणि ‘मध्येच बंद पडतं’ या दोन उत्तरांतच निर्णय होऊन जातो.