मिठाविना नैवेद्य, मांसाविना फ्रेंच मेजवानी

तिरुनागेश्वरम् (कुंभकोणम) : कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर असलेल्या तिरुनागेश्वरम् येथील ओप्पिलिअप्पन मंदिरात देवाचा नैवेद्य मिठाविना शिजतो. पॅरिसमधील ‘आर्पेज’ या तीन मिशेलिन तारे लाभलेल्या उपाहारगृहाने जुलै २०२५ मध्ये मांस, मासे, अंडी आणि दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य केले; अपवाद केवळ मधाचा. एक देवस्थान, तर दुसरा महागडा व्यवसाय. दोघांना एका तराजूत घालता येणार नाही. मात्र स्वयंपाक्यापुढचा पेच दोन्हीकडे सारखा आहे. ज्याच्यावाचून चव येतच नाही असे सर्वजण मानतात, तेच काढून घेतल्यावर भाजीकडून काय काम करून घ्यायचे?

तिरुनागेश्वरम् राहूच्या मंदिरासाठी अधिक परिचित आहे. ओप्पिलिअप्पन हे मात्र वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक. स्थलपुराणानुसार मार्कंडेय ऋषींच्या कन्येला, भूदेवीला, मागणी घालण्यासाठी विष्णू वृद्धाच्या रूपात आले. मुलगी लहान आहे, तिला अन्नात मीठ किती घालावे हेही कळत नाही, अशी सबब ऋषींनी पुढे केली. त्यावर वृद्धाने मिठाविना जेवण्याची तयारी दर्शविली आणि ती अट आजतागायत पाळली जाते. नावाचा अर्थही गमतीचा आहे. तमिळमध्ये ‘ओप्पु’ म्हणजे तुलना आणि ‘उप्पु’ म्हणजे मीठ. ‘अतुलनीय’ हा मूळ अर्थ एका स्वराच्या फरकाने ‘मीठ नसलेला’ असा झाला आणि देवाला ‘उप्पिलिअप्पन’ही म्हटले जाऊ लागले.

मराठी पानात पहिल्यांदा मीठ वाढले जाते. मीठ नसलेल्या अन्नासाठी ‘अळणी’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि तो नीरस भाषणालाही लावला जातो. ही नाराजी निराधार नाही. मीठ केवळ खारटपणा देत नाही. ते कडवटपणा दाबते आणि गोडी व गंध उठावदार करते. चिरलेल्या भाजीतील पाणीही तेच ओढून काढते. ते नसेल तर वांगे, कारले, मेथी यांचा कडवटपणा लपत नाही आणि शिळेपणा तर मुळीच नाही. मग चिंच, मिरी, गूळ, तूप आणि भाजीचा ताजेपणा यांवरच भिस्त ठेवावी लागते.

फ्रेंच पाककलेत हेच स्थान हाडांच्या अर्काला आहे. वासराची वा कोंबडीची हाडे तासन्‌तास उकळून केलेल्या अर्कावर तिथले कित्येक सॉस उभे असतात. त्यामुळे मांस वगळणे म्हणजे ताटातील एक पदार्थ कमी करणे नव्हे, तर पायाच काढणे होय. ‘आर्पेज’चे आचारी आलाँ पासार मुळात मांस भाजण्यातले निष्णात. १९८६ मध्ये त्यांनी हे उपाहारगृह सुरू केले आणि १९९६ मध्ये तिसरा तारा मिळवला. २००१ मध्ये त्यांनी तांबडे मांस बंद केले, तेव्हा तो तारा पणाला लागला होता. तो टिकला. पुढे त्यांनी स्वतःच्या बागा उभारल्या. तिथे सकाळी जे खुडले जाते, त्यावर दिवसाचे पदार्थ ठरतात.

इथे शाकाहारी वाचकाने एक खूणगाठ बांधावी : ‘भाजीप्रधान’ म्हणजे शाकाहारी नव्हे. २००१ नंतरही ‘आर्पेज’मध्ये मासे, कोंबडी, अंडी आणि लोणी होतेच, ते गेले २०२५ मध्ये. आता लहान लहान ताटल्यांतून एकामागून एक भाज्या येतात आणि जेवण काही तास चालते. मांस भाजण्याचे कसब पासार यांनी कंदांकडे वळवले. त्यांचा गाजलेला पदार्थ म्हणजे बीट. अख्खे, न सोललेले बीट गेराँदच्या करड्या जाड मिठाच्या ढिगाऱ्यात पुरून मंद आचेवर भाजतात. कवच फोडले की आत स्वतःच्याच रसात शिजलेला कंद मिळतो. साल शाबूत असल्याने मीठ आत फारसे उतरत नाही. तिरुनागेश्वरम् येथे जे चिमूटभरही चालत नाही, ते इथे किलोने लागते आणि तरीही खाल्ले जात नाही!

कावेरीच्या या मुलखाला फ्रेंचांचा शेजार नवा नाही. १६७६ ते १८५५ या काळात इथे तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते आणि किनाऱ्यावरचे कारैकाल १७३९ मध्ये त्यांच्याकडूनच फ्रेंचांच्या हाती गेले. दुसऱ्या सरफोजी राजांच्या मुदपाकखान्यातील पाककृती ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात नोंदल्या आहेत.

असा त्याग बाजारात पेलणे सोपे नाही. न्यूयॉर्कच्या ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ने २०२१ मध्ये मांस सोडले, तीन तारेही राखले, पण ऑक्टोबर २०२५ पासून तिथे मांस आणि मासे पुन्हा ताटात आले. अधिकाधिक ग्राहकांना सामावून घेणे हे त्यामागचे एक कारण होते. पासार यांनी त्याच वर्षी उलट दिशा धरली. तिरुनागेश्वरम् येथे ग्राहकही नाही आणि तारेही नाहीत. तिथल्या मडप्पळ्ळीत, म्हणजे देवाच्या स्वयंपाकघरात, मीठ घ्यायचे की नाही हा प्रश्न कथेतल्या त्या वृद्धाने केव्हाच मिटवला आहे. खारट पदार्थ सोबत घेऊन आत जाऊ नये, असा संकेत भाविकही पाळतात.